प्रोग्रामचेही 'साइड इफेक्ट' असतात

२१ मार्च १९८६. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं टायलर शहर. तिथल्या कर्करोग केंद्रात एक रुग्ण किरणोपचाराच्या नवव्या खेपेसाठी आला होता. पाठीवरची गाठ आधीच काढलेली होती आणि त्यानंतरचे उपचार सुरू होते. आतल्या खोलीत टेबलावर रुग्ण पालथा पडलेला, बाहेर तंत्रज्ञ महिला संगणकासमोर. असे उपचार तिने याआधी कितीतरी वेळा दिलेले होते. माहिती भरताना 'इलेक्ट्रॉन'साठी 'ई' दाबायच्या ऐवजी सवयीने 'क्ष-किरण'साठीचा 'एक्स' दाबला गेला. चूक लगेच लक्षात आली. तिने कर्सर वर नेला, 'एक्स'चा 'ई' केला, बाकीच्या ओळी एंटर दाबत पार केल्या आणि उपचार सुरू केले.

यंत्र थांबलं. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढंच आलं. मागितलेल्या २०२ एककांपैकी फक्त ६ एककं दिली गेली, असंही पडदा सांगत होता. असे किरकोळ अडथळे त्या यंत्रात रोजचेच होते. तिने 'पुढे चालू'चं बटण दाबलं. आतल्या रुग्णाला मात्र पहिल्याच वेळी पाठीत विजेचा झटका बसल्यासारखं झालं होतं. तो उठायला लागला तोच दुसरा झटका हाताला बसला. त्या दिवशी खोलीतला कॅमेरा जोडलेला नव्हता आणि आतलं बोलणं बाहेर ऐकू येण्याची सोयही बिघडलेली होती. शेवटी तो दारावर धडका मारू लागला, तेव्हा बाहेर कळलं.

त्याला १८० रॅड मात्रा मिळायची होती. नंतर काढलेल्या अंदाजानुसार सेकंदभरापेक्षा कमी वेळात, सुमारे एक सेंटिमीटर जागेवर १६,५०० ते २५,००० रॅड मात्रा पडली होती. पाच महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला.

यंत्राचं नाव होतं 'थेरॅक-२५'. कॅनडाच्या 'अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड' या सरकारी कंपनीने ते बनवलं होतं. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्रामुळे अतिमात्रेचे सहा अपघात झाले आणि किमान तीन रुग्णांचे प्राण गेले. टायलरमध्ये यंत्राचा एकही भाग मोडलेला नव्हता. दोष संगणकाच्या प्रोग्राममध्ये होता आणि त्या दोषाची जात आजही प्रोग्रामरच्या रोजच्या ओळखीची आहे.

एकाच यंत्रात दोन किरणं

थेरॅक-२५ हे दोन प्रकारचे उपचार देई. त्वचेलगतच्या गाठींसाठी थेट इलेक्ट्रॉनचा झोत, आणि खोलवरच्या गाठींसाठी क्ष-किरण. क्ष-किरण तयार करताना इलेक्ट्रॉनचा झोत एका धातूच्या लक्ष्यावर आदळवावा लागतो. त्यात आणि पुढच्या गाळणीत बरीच ऊर्जा खर्च होते, म्हणून त्यासाठी झोत सुमारे शंभरपट तीव्र लागतो. झोताच्या वाटेत कोणत्या वेळी काय यायचं, हे एक फिरती तबकडी ठरवत असे. एका जागी इलेक्ट्रॉन पसरवणारी चुंबकं, दुसऱ्या जागी क्ष-किरणांचं लक्ष्य आणि गाळणी, तिसऱ्या जागी फक्त रुग्णाची स्थिती जुळवण्यासाठीचा आरसा.

यातला जीवघेणा संयोग कोणता, हे सांगायला तज्ज्ञ नको. क्ष-किरणांसाठीचा तीव्र झोत सुरू आणि वाटेत लक्ष्य नाही. टायलरमध्ये नेमकं हेच घडलं.

पण हे घडलंय हे कुणाला कळेना. कंपनीच्या अभियंत्याने येऊन चाचण्या घेतल्या, 'मालफंक्शन ५४' काही पुन्हा उमटलं नाही. यंत्र ७ एप्रिलला परत वापरात आलं. चार दिवसांनी, ११ एप्रिलला, दुसरा रुग्ण भाजला. या वेळी उपचार चेहऱ्यावर होते. तीन आठवड्यांत तोही गेला.

त्यानंतर त्या केंद्रातले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि ती तंत्रज्ञ यंत्रासमोर बसले. तिने दोन्ही वेळी काय केलं होतं ते आठवून तसंच पुन्हा करून पाहिलं. शेवटी गुपित सापडलं. 'एक्स'चा 'ई' करणं आणि पुढची सगळी हालचाल सुमारे आठ सेकंदांच्या आत उरकली, तर 'मालफंक्शन ५४' हमखास येई. नवखा माणूस सावकाश टाइप करी, म्हणून त्याला दोष दिसत नसे. कामात हात बसलेल्या माणसालाच तो भेटत असे.

सगळ्यांचा एकच फळा

आठ सेकंदांत असं काय होत होतं? थेरॅकच्या प्रोग्राममध्ये अनेक कामं आळीपाळीने, जवळजवळ एकाच वेळी चालत. एक काम कीबोर्डकडे लक्ष ठेवी, दुसरं झोताची तीव्रता आणि चुंबकं ठरवी, तिसरं तबकडी फिरवी. ही कामं एकमेकांशी सरळ बोलत नसत. संगणकाच्या स्मृतीतल्या सामायिक जागांवर एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं, अशी पद्धत होती. एखाद्या कार्यालयात भिंतीवर एकच फळा असावा, कुणीही येऊन त्यावर काही लिहावं-पुसावं आणि प्रत्येकाने जाता-येता त्यावर नजर टाकून आपलं काम करावं, तसं. प्रोग्रामरच्या भाषेत अशा जागेला 'ग्लोबल व्हेरिएबल' म्हणतात, आणि अशा सगळ्या जागांत एखाद्या क्षणी जे काही लिहिलेलं असेल त्याला 'ग्लोबल स्टेट'.

तंत्रज्ञाने 'एक्स' दाबला तेव्हा फळ्यावर 'क्ष-किरण' लिहिलं गेलं. झोताच्या कामाने ते वाचलं, तीव्रता त्यानुसार ठरवली आणि चुंबकं जागेवर आणायला घेतली. त्याला सुमारे आठ सेकंद लागत. या अवधीत माहितीत बदल झालाय का, हे पाहण्याची सोय प्रोग्राममध्ये होती. मात्र ती आणखी एका सामायिक खुणेवर अवलंबून होती. पहिलं चुंबक जागेवर आलं की ती खूण पुसली जाई आणि उरलेल्या चुंबकांच्या वेळी बदलाकडे कुणी पाहतच नसे. तेवढ्यात तंत्रज्ञाने 'एक्स'चा 'ई' केला. तबकडीच्या कामाने फळा उशिरा वाचला, त्याला 'इलेक्ट्रॉन' दिसलं आणि त्याने तबकडी इलेक्ट्रॉनसाठी फिरवली. झोत जुन्या मजकुरावर, तबकडी नव्या मजकुरावर, आणि पडद्यावर सगळं ठीकठाक.

कुणीही चुकीचं गणित केलं नव्हतं. प्रत्येक कामाने फळ्यावर जे दिसलं त्याप्रमाणे बरोबरच केलं. फक्त दोघांनी फळा वेगवेगळ्या क्षणी वाचला.

तराजू आणि पाढा

ही जात ओळखायला भाजीबाजारात जाऊ. इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी रिकामी टोपली ठेवून आकडा शून्य करतात. दुकानदाराने मागच्या गिऱ्हाइकासाठी तसं केलं, टोपली उचलली आणि काटा पूर्ववत करायचा राहिला, तर तुमचे बटाटे कमी भरतील. बटाटे तेच, काटा तोच, वजन वेगळं. कारण उत्तर बटाट्यांवर तर अवलंबून आहेच, पण तुमच्या आधी कोण येऊन गेलं यावरही आहे.

याउलट पाढा पाहा. बारा पंचे साठ. सकाळी म्हणा, रात्री म्हणा, आधी सातचा पाढा म्हटला असो वा नसो, उत्तर साठच. पाढा म्हटल्याने घरातली दुसरी कुठलीही वस्तू हलत नाही.

प्रोग्रामचे छोटे छोटे भाग असतात, त्यांना 'फंक्शन' म्हणतात. काही माहिती आत घ्यायची आणि उत्तर द्यायचं, हे त्याचं काम. जे फंक्शन पाढ्यासारखं वागतं त्याला 'शुद्ध' म्हणतात. त्याच्या अटी दोनच. उत्तर फक्त हातात दिलेल्या माहितीवरून काढायचं आणि उत्तर देण्यापलीकडे बाहेरचं काहीही बदलायचं नाही. दुसरी अट मोडली, तर त्या बाहेरच्या बदलाला प्रोग्रामर 'साइड इफेक्ट' म्हणतात. औषधांच्या दुनियेतला शब्द इथेही चपखल बसतो. गोळी डोक्यासाठी घेतली आणि पोटात जळजळ झाली, तसं हिशोब एका ठिकाणी केला आणि बदल भलतीकडेच झाला.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बालरुग्णालयाच्या संगणकात तापाच्या औषधाची मात्रा काढायची आहे. पॅरासिटामॉल दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम या हिशोबाने द्यायचं. एक पद्धत अशी की 'सध्याचा रुग्ण' नावाची एक सामायिक जागा ठेवायची आणि फंक्शनने वजन तिथून उचलायचं. दहा किलोच्या बाळाचं पान उघडं आहे, तेवढ्यात कुणी वीस किलोच्या मुलाचं पान पाहायला उघडलं आणि 'सध्याचा रुग्ण' बदलला. आता बाळाची मात्रा काढली तर १५० ऐवजी ३०० मिलिग्रॅम येईल. सूत्र अचूक, गुणाकार अचूक, मात्रा दुप्पट.

दुसरी पद्धत अशी की फंक्शनला वजन दरवेळी हातात द्यायचं. 'हे दहा किलो, हे दर किलोचं प्रमाण, मात्रा सांग.' फंक्शनला इकडेतिकडे पाहायची मुभाच नाही. जगात किती पानं उघडी आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उत्तर १५०, आजही आणि उद्याही. चुकीचं वजन दिलं तर उत्तर चुकेलच, पण ती चूक जिथे वजन दिलं तिथेच सापडेल.

स्कूटरच्या मीटरची गोष्ट

टायलरचा दोष दुरुस्त झाल्यावर थेरॅकची कहाणी संपायला हवी होती. पण १७ जानेवारी १९८७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथे आणखी एक रुग्ण भाजला आणि एप्रिलमध्ये दगावला. या वेळी दोष निराळा होता, जात तीच.

उपचार सुरू होण्याआधी तयारी तपासणारं एक काम पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा फिरत असे. प्रत्येक फेरीत ते एका सामायिक आकड्यात एक मिळवी. तो आकडा शून्य नसेल, तर दुसऱ्या कामाने तबकडीची आणि तिथल्या भागांची जागा तपासायची. शून्य असेल, तर तपासायची गरज नाही, असा संकेत होता. त्या आकड्यासाठी स्मृतीत एकच बाइट जागा होती आणि एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच मोजता येतं. पाच आकडी मीटरची जुनी स्कूटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते, तसा हा आकडा दर २५६व्या फेरीला शून्य होई. तंत्रज्ञाने नेमकं त्याच क्षणी बटण दाबलं, तर तपासणी होतच नसे. याकिमाला तो क्षण गाठला गेला. तबकडी आरशाच्या जागी होती आणि झोत सुरू झाला.

दुरुस्ती अगदी साधी होती. आकड्यात एक मिळवण्याऐवजी तिथे दरवेळी शून्य नसलेला एक ठरावीक आकडा लिहायचा. पण ही चूक चाचणीत सापडणं किती अवघड होतं पाहा. तंत्रज्ञ तेच, बटण तेच, माहिती तीच. २५६ पैकी एकाच फेरीत घात.

फ्यूज उडायचे, माणसं वाचायची

या कथेत एक बोलका धागा आहे. थेरॅक-२५ चा प्रोग्राम कोरा लिहिलेला नव्हता. आधीच्या थेरॅक-६ चा प्रोग्राम त्याच्या मुळाशी होता आणि थेरॅक-२० चेही काही भाग त्यात आले होते. टायलरचा दोष थेरॅक-२० मध्येही होता. शिकागो विद्यापीठात त्या यंत्रावर विद्यार्थ्यांची नवी तुकडी शिकायला आली की फ्यूज उडत आणि काही दिवसांनी आपोआप थांबत. नवे विद्यार्थी काहीबाही दाबत आणि तो दोष जागा होई. पण थेरॅक-२० मध्ये संगणकापासून स्वतंत्र अशी विद्युत आणि यांत्रिक सुरक्षा होती. झोत आणि तबकडी जुळली नाही की फ्यूज उडून यंत्र बंद. थेरॅक-२५ मध्ये ही स्वतंत्र सुरक्षा काढून तिचं काम प्रोग्रामवर सोपवलं गेलं. जुना प्रोग्राम वर्षानुवर्षं चाललाय, तेव्हा तो विश्वासू, असा समज होता. प्रत्यक्षात त्याच्या चुका फ्यूज झाकत होते.

धोक्याची सूचना कुणी दिली नव्हती असंही नाही. विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ या संगणकशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच 'ग्लोबल व्हेरिएबल' घातक असल्याचं सांगणारा लेख लिहिला होता. थेरॅक-२५ च्या कामाला त्यानंतर, १९७० च्या दशकाच्या मध्यात सुरुवात झाली.

शुद्ध ठेवायचं कसं?

आता एक रास्त शंका. सगळीच फंक्शनं शुद्ध केली, तर यंत्र चालणार कसं? तबकडी फिरवणं हाच मुळी 'साइड इफेक्ट' आहे. रुग्णाची नोंद साठवणं, पडद्यावर अक्षर उमटवणं, बिल छापणं, सगळं बाहेरच्या जगात बदल करणारंच. पूर्ण शुद्ध प्रोग्राम कुणाच्या उपयोगाचा नाही.

म्हणून व्यवहारात विभागणी करतात. हिशोब, तपासणी, निर्णय हा आतला गाभा शुद्ध ठेवायचा. बाहेरून माहिती घेणं आणि बाहेर बदल घडवणं हे काम कडेच्या एका पातळ थरात कोंडायचं. मधल्या टप्प्यात माहिती फळ्यावर लिहायची नाही. चिठ्ठीसारखी हातोहात द्यायची आणि एकदा लिहिलेली चिठ्ठी खोडायची नाही, बदल हवा तर नवी लिहायची. थेरॅकमध्ये झोताच्या आणि तबकडीच्या कामाला एकाच चिठ्ठीच्या प्रती मिळाल्या असत्या, तर जास्तीत जास्त काय झालं असतं? घाईतला बदल दोघांच्याही हाती लागला नसता आणि दोघांनी जुनीच चिठ्ठी पाळली असती. तीही चूकच, पण तीव्र झोताच्या वाटेत लक्ष्य तरी असतं.

हा विचार गणितातून आला. अमेरिकी गणितज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात फंक्शनांचं एक गणित मांडलं. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये 'लिस्प' ही भाषा आखताना त्याचा आधार घेतला. १९९० मध्ये आलेल्या 'हॅस्केल' भाषेत तर कोणतं फंक्शन शुद्ध आणि कोणतं बाहेरच्या जगाला हात लावणारं, हे लिहितानाच वेगळं ठेवावं लागतं. आज रोजच्या वापरातल्या बहुतेक भाषांमध्ये या शिस्तीने लिहिता येतं, पण ती सक्तीची नसते. घाईच्या वेळी सामायिक जागा सोयीची वाटते आणि फळा पुन्हा भिंतीवर येतो.

शिस्तीचा सर्वांत मोठा फायदा तपासणीत आहे. शुद्ध फंक्शनला दहा किलो द्या, वीस द्या, शून्य द्या, उणे पाच द्या. प्रत्येक उत्तर कागदावर पडताळता येतं आणि एकदा पटलं की ते पुढेही तसंच राहतं. सामायिक फळ्यावर चालणाऱ्या फंक्शनला नुसती माहिती देऊन भागत नाही. त्याआधी फळ्यावर काय काय होतं, कोणत्या क्रमाने आलं, किती सेकंदांत आलं, हे सगळंही तपासावं लागतं. त्या शक्यता मोजता मोजता चाचणी घेणारा थकतो. टायलरला आलेल्या अभियंत्याला दोष दिसला नाही, याचं कारण हेच.

दोष एकाच गोष्टीचा नव्हता

तरीही थेरॅकच्या बळींचं खापर केवळ 'ग्लोबल व्हेरिएबल'वर फोडणं बरोबर नाही. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसतं ते असं की प्रोग्राम एकाच माणसाने लिहिलेला होता. यंत्राच्या सुरक्षेचं विश्लेषण करताना प्रोग्राममधल्या चुका गृहीतच धरलेल्या नव्हत्या. पडद्यावरचे संदेश कोड्यातले होते. रुग्ण भाजल्याच्या तक्रारी आल्यावर 'हे शक्य नाही' असं उत्तर मिळत होतं. एकेक चूक शोधून बुजवली म्हणजे यंत्र सुरक्षित झालं, असं मानता येत नाही, हा त्या अभ्यासाचा मुख्य धडा. १९८७ मध्ये दुरुस्तीचा जो आराखडा ठरला, त्यात प्रोग्रामच्या सुधारणांबरोबर स्वतंत्र सुरक्षा यंत्रणाही आली. वैद्यकीय उपकरणांचे प्रोग्राम कसे घडवावे आणि तपासावे, यासाठी २००६ पासून 'आयईसी ६२३०४' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

वाचकांपैकी जे प्रोग्राम लिहीत नाहीत, त्यांनाही ही शिस्त परकी नाही. सोसायटीचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्यांनी आठवून पाहावं. सूत्रातला व्याजदर कुठल्या तरी दूरच्या चौकोनातून येत असतो, कुणी तो सहज बदलतो आणि मागच्या सगळ्या वर्षांची व्याजं बदलून बसतात. ज्या त्या वर्षाचा दर त्या त्या वर्षाच्या ओळीतच लिहिला, तर हा गोंधळ होत नाही. रुग्णालयातही परिचारिका प्रत्येक इंजेक्शनाआधी नाव पुन्हा विचारते, वजन पुन्हा पाहते, तेव्हा कंटाळू नये. 'सध्याचा रुग्ण कोण' हे ती कुठल्या फळ्यावरून गृहीत धरत नाही, समोरच्या माणसाकडून हातात घेते. मात्रा काढणाऱ्या प्रोग्रामकडूनही आपल्याला एवढंच हवं आहे.